वाजणाऱ्या कड्या

माझी मावशी पडदे शिवते आणि कात्रीला घाबरते. कापड स्वतः तीनदा मोजते, चौथ्यांदा माझ्याकडून मोजून घेते आणि मग श्वास रोखून कात्री चालवते. तीस वर्षांत तिचा एकही पडदा आखूड झालेला नाही, तरी भीती काही जात नाही. तिच्या हाताखाली शिकताना मी तिची यथेच्छ थट्टा करायचे. गेल्या महिन्यापासून करत नाही.

तिला गर्व असेल तर एकाच गोष्टीचा, तिचा पडदा वाजत नाही. काकांची जन्मभर रातपाळी. ते दिवसा झोपायचे आणि पडद्याची कडी जरा खडखडली की ताडकन उठून बसायचे. तेव्हापासून मावशीने पडद्यांच्या आवाजाशी वैरच धरलं. कुठल्याही घरी कड्यांचा पडदा असला की ती प्रत्येक कडीच्या आत प्लास्टिकची बारीक चकती बसवते. गिऱ्हाइकाने मागितली नसली तरी बसवते, आणि नंतर पडदा ओढून दाखवताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्या घरी आम्ही मापं घ्यायला गेलो. चौथा मजला, राहणारी दोघंच. चाळिशीची ताई, घरात बसूनच कचेरीचं काम करणारी, आणि तिचे वडील. मावशीचं ठरलेलं भाषण झालं, की पडदा जिथून लटकतो ते त्याचं डोकं, आणि डोकं ठरलं की पडदा ठरला. बैठकीच्या खोलीला चिमटीच्या चुण्या ठरल्या. स्वयंपाकघरातला पडदा रोज सरकवायचा नव्हता, म्हणून तो नुसता दांडीत ओवायचा. ताईच्या खोलीला कापडी पट्टे. राहिली वडिलांची खोली. तिथे गॅलरीचं दार होतं.

"इथे पण चुण्याच घालू," मावशी म्हणाली. "पट्टीवर सरकतात, आवाज नाही."

"नको. इथे स्टीलच्या कड्या, स्टीलच्या दांडीवर."

"खडखडतात हो त्या. बाबांची दुपारची झोपमोड होईल."

"होऊ दे," ताई म्हणाली आणि वडिलांकडे पाहून तिने विषय बदलला.

बाबा खाटेवर बसून एका रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. आम्हाला त्यांनी तीनदा विचारलं, "आपण कोण?" तिन्ही वेळा मावशीने "पडदेवाली" म्हणून सांगितलं. जिना उतरताना मावशी म्हणाली, "म्हातारा जीव, आणि उशाशी हा खडखडाट. पोरगी जरा कडकच दिसते." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघी फार शहाण्या.

पडदे लावायला गेलो तेव्हा ताई औषधं आणायला बाहेर पडली होती आणि बाबांजवळ शेजारीण बसली होती. मावशीने सोळाच्या सोळा कड्यांत चकत्या बसवल्या. पडदा ओढला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. "आता झोपू दे बिचाऱ्याला सुखाने," ती म्हणाली.

आम्ही दुकानात पोचून तासभर झाला असेल, ताईचा फोन आला. मावशीचे हात मशीनवर, म्हणून मी स्पीकर लावला.

"मावशी, बैठकीतला पडदा फार सुरेख पडलाय. बाबांच्या खोलीत अजून गेले नाही, ते झोपलेत असं शेजारीण सांगून गेली. पण तुम्हाला सांगते, कित्येक दिवसांनी निवांत भाजी चिरतेय. गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं की ते दारावर हात आपटतात, पार रक्त येईपर्यंत. म्हणून उघडंच ठेवावं लागतं. आणि कठड्याला जाळी बसायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर या कड्यांचाच आधार. त्यांनी पडदा सारला, कड्या वाजल्या की मी धावले. त्या दिवशी त्यांच्यासमोर बोलता येईना."

मावशीने मशीन थांबवलं.

"ताई, आधी आत जा. कड्या मी मुक्या केल्यात."

पलीकडे सुरी खाली पडली. फोन तिच्या हातातच असावा, कारण आम्हाला तिच्या चपला ऐकू आल्या. पडदा वाजतोय का म्हणून आम्ही दोघी कान देऊन बसलो आणि मग लक्षात आलं, तो वाजणारच नाही. मग एकदम रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले, मोठ्याने. गॅलरीचं दार उघडं होतं.

"बाबा," ताईचा आवाज, अगदी हळू. "खाली नका बघू. माझ्याकडे बघा. स्टुलावरून उतरा. हात द्या. तो नाही, हा."

बराच वेळ नुसते भोंगे. मावशीने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. शेवटी दार बंद झाल्याचा आवाज आला आणि ताई म्हणाली, "आहेत."

आम्ही दुकान तसंच टाकून धावलो. मावशीने पडदा उतरवला आणि ती एकेक चकती काढायला लागली. घाईत चकत्या खाली सांडत होत्या. "मी विचारायला हवं होतं," ती सारखी म्हणत होती. बाबांनी एक चकती उचलून तिला दिली आणि विचारलं, "आपण कोण?" तिने चकती घेतली आणि पुढच्या कडीला हात घातला. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

मावशीने पडदा पुन्हा चढवला तशी ताई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. "ओढा," म्हणाली. मावशीने पडदा ओढला. खडखडाट झाला. "आला," आतून उत्तर. मग तिने नळ सोडला. "ओढा." पुन्हा खडखडाट. "आला."

मग मिक्सर सुरू झाला. मावशीने पडदा ओढला. स्वयंपाकघरातून काहीच नाही. पुन्हा ओढला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ओढला.

मिक्सर थांबला. "ओढला का?"

"तीनदा," मावशी म्हणाली.

ताईने मिक्सरची वायर काढली, त्याच्याभोवती गुंडाळली आणि गॅलरीतलं ते स्टूल मागितलं. मी आणून दिलं. त्यावर चढून तिने मिक्सर माळ्यावर पार मागे सरकवला.

"आता न्हाणीघराचं दार लावून बघू," उतरता उतरता ती म्हणाली. मावशी पुन्हा पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.