पेनाने काढलेल्या खुणा

मी भित्री होते.

सुमनअक्का गेल्याचं कळलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला हे आठवलं.

काल सकाळी गेली, पारोळ्याला, मुलीकडे. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. लोक फोनवर सांगत होते आणि मी इकडे नुसती मान हलवत होते, जशी काही त्यांना दिसतेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अक्का माहीत नाही. म्हणून लिहितेय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात स्टेशनजवळच्या गल्लीत नानांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. तिथे मी छापायचे आणि अक्का कापायची. स्टिकर हो. सायकलवरचे, ट्रकवरचे, दुकानांच्या काचांवरचे.

कॉम्प्युटर नाही, कटिंग मशीन नाही. एक स्टीलची पट्टी, एक ब्लेड आणि अक्का.

प्रत्येक शीटच्या चार कोपऱ्यांत अधिकाची बारीक खूण छापलेली असायची. रजिस्ट्रेशन मार्क. आम्ही नुसतं 'खुणा' म्हणायचो. अक्का दोन खुणांवर पट्टी टेकवायची आणि एका दमात ब्लेड ओढायची. चित्राकडे बघायचीसुद्धा नाही.

"चित्र डोयाले फसाडस. खून नही फसाडस," तिच्या अहिराणीत म्हणायची. खून म्हणजे खूण.

डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. माझी पोळी बघून रोज एकच प्रश्न, "हाई काय कागद खास तू?" आणि अर्धी भाकरी माझ्या डब्यात.

मग ती ऑर्डर आली. फवारणी पंपाच्या एका कारखान्याची.

टाकीवर चिकटवायची लिटरची पट्टी. आकडे काळे, खाली नुसती पांढरी जागा. पट्टीची खालची कड टाकीच्या बुडाशी बसणार, तिथून माप सुरू. ती कड कुठे कापायची हे फक्त खुणा सांगणार होत्या.

"माप चुकलं तर औषध कडक होईल, केळीची पानं करपतील," नानांनी बजावलं होतं.

छपाई चालू असताना मी जेवायला उठले आणि स्क्रीन पुसायची विसरले. परत येते तर तिच्या जाळीत शाई वाळलेली. घासून घासून आकडे मोकळे झाले. कोपऱ्यांतल्या खुणा मात्र बुजल्या त्या बुजल्याच.

नवी स्क्रीन करायची म्हणजे नानांना सांगावं लागणार. मी पुठ्ठ्याचा एक साचा केला, शीटच्या कडेला टेकवला आणि उरलेल्या सगळ्या शीटांवर बॉलपेनने खुणा काढल्या. काय ते माझं शहाणपण.

शीटची कड कधी सरळ नसते आणि छपाई कधी कडेला धरून बसत नाही. खूण छपाईबरोबर एकाच फटक्यात उमटली तरच खरी. मी छपाईचा कोर्स केला होता, त्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

अक्काने शीट हातात घेतली आणि थांबली.

"खुना पेनघाई काढ्यात का व माय?"

"बरोबर आहेत अक्का. मी मोजल्यात."

मोजल्या नव्हत्या.

तिने माझ्याकडे बघितलं आणि कापायला घेतलं. माझ्या शब्दावर.

आठ दिवसांनी सगळा माल परत. कारखान्याच्या माणसाने टाकीत मापाने पाणी ओतून दाखवलं. पाणी एकीकडे, आकडा दुसरीकडे.

नाना सगळ्यांसमोर अक्काला वाट्टेल ते बोलले. मी बाजूला उभी. मला बोलायचं होतं, खरंच. पण यावलहून मला इथे पाठवताना मोठा भाऊ म्हणाला होता, एक तक्रार आली की घरी. आणि घरी म्हणजे थेट बोहल्यावर.

अक्काला हे माहीत होतं. तिच्याजवळच तर मी रोज रडायचे.

ती म्हणाली, "मना हात चुकना, नाना."

"उद्यापासून पॅकिंगला बसा, सुमनबाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर तिथेच उभा, तोंड शिवून.

नंतर नळावर मी विचारलं, "अक्का, का?"

"तुले घर बसाडी देतीन. मनं काय, मी पॅकिंग करसू." हात पदराला पुसले आणि आत गेली.

काही महिन्यांनी, नव्या माणसाच्या ओबडधोबड कडा बघून, नाना एक दिवस मुकाट्याने ब्लेड तिच्यापुढे ठेवून गेले. पण तो पंपाचा माल काही तिची पाठ सोडेना. मापाची ऑर्डर आली की गिऱ्हाइकासमोरसुद्धा, "सुमनबाई, त्या वेळेसारखं नको हं." दुकान बंद होईपर्यंत हेच. ती हसायची. मी खाली बघायचे.

त्याच नोकरीवर मी उभी राहिले. आज माझं स्वतःचं युनिट आहे. मशीन आहे, खुणा स्वतः वाचतं. तुम्ही सगळे मला 'डेरिंगबाज' म्हणता.

आज पारोळ्याला गेले होते. नानाही आले होते, ऐंशी पार, मुलाचा हात धरून. कुणीतरी म्हणालं, काय हात होता बाईचा. नाना म्हणाले, "सोन्याचा हात. उभ्या आयुष्यात एकदाच चुकली."

कौतुकानेच म्हणाले हो.

आणि मी बोलले. "नाना, ती नाही चुकली. त्या खुणा मी पेनाने काढल्या होत्या. तिने विचारलं होतं. मी खोटं बोलले."

अक्काची मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

नाना मुलाला म्हणाले, "उठव मला."

फोटोपुढे उभे राहिले. हात जोडले.

"सुमनबाई, चुकलं माझं."

निघताना अक्काची मुलगी माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे तिचं.

अक्का, सुखाने जा. तुझा हात कधीच चुकला नाही.

हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं.