साबुदाण्याचा पाला

अंबाबाईचा जन्म मेंढरा-शेरडांमागं गेला. लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजं आली, चराईला तारेची कुंपणं पडली आणि एकेक जनावर करत सगळं खांड बाजाराला गेलं. राहिली ती एकटी चांदी, पांढऱ्या कानांची शेळी, पहिल्यांदाच गाभण. नवरा धुळा गुडघ्यांनी घरी बसलेला. चांदीच्या पिलांवर पुन्हा चार शेरडं उभी करायची, एवढा एकच मनसुबा अंबाबाईनं धरला होता.

पोटासाठी ती सूसला एका सोसायटीत आरोहीताईंकडं कामाला जाई. दिवाळीनंतर ताई पंधरा दिवस बाहेरगावी निघाल्या आणि एक बोका नि एक झाड तिच्या गळ्यात घालून गेल्या.

“मावशी, हा सॅगो पाम. साबुदाण्याचा म्हणा हवं तर. माती बोटानं चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी. बुडाशी कोंब फुटले की काढून टाका. आणि ही खोली बंदच ठेवा, बोका आत शिरता कामा नये.”

बोका झाड नासवेल म्हणून सांगत असतील, असं समजून अंबाबाईनं मान डोलावली. शिकल्यासवरल्या माणसांचं हे असंच. सांगतात ढीगभर, कारण तेवढं सांगायचं राहून जातं.

तिनं झाडाचं मनापासून केलं. पानं ओल्या फडक्यानं पुसली, कुंडी उजेडाकडं फिरवली. त्या झाडावर माशी बसत नव्हती, पानाला किडीचं एक भोक नव्हतं. जनावरांमागं हिंडलेल्या बाईनं इथंच चपापायला हवं होतं. रानात असला पाला दिसता तर तिनं शेरडं हाकून लांब काढली असती. पण साबुदाणा या शब्दानं ती गाफील राहिली. जे उपासाला चालतं, त्यात वाईट ते काय असणार?

गुरुवारी तिनं कोवळे कोंब काढले. हिरवा पाला कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. तिनं तो घरी नेला.

“कशाचा पाला गं?” धुळानं विचारलं.

“साबुदाण्याचा. मान्साच्या उपासाला चालतोय, मग चांदीला न्हाई व्हय चालायचा?”

चांदीनं तो चवीनं खाल्ला. उरलेला अंबाबाईनं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चांदी रवंथ करेना. तोंडातून लाळ, मान खाली. पोट धरलं असेल म्हणून अंबाबाईनं ओवा चारला. शनिवारी सकाळी शेळी बसली ती उठेचना. पौडहून जनावरांचे डॉक्टर दुपारी येणार होते. अंबाबाईचा पाय घरातून निघत नव्हता, पण बोका उपाशी होता. ती गेली.

खोलीत पाम ताठ उभा होता. मधोमध नवी पानं एकदम वर आली होती, हिरवीगार. का कोण जाणे, तिला ती बघवेनात. तेवढ्यात ताईंचा फोन आला.

“मावशी, कोंब काढलेत ना? पिशवीत बांधून टाका हं, आणि हात धुवा. विषारी असतं ते. बोक्यानं पान चावलं तर जीव जाईल त्याचा, म्हणून तर दार लावायला सांगितलं.”

अंबाबाई पामपासून मागं सरकली.

“ताई, साबुदाणा म्हनला व्हता तुमी.”

“अहो, ते नुसतं नाव.”

तिनं फोन तोडला आणि धुळाला लावला.

“अवो, चांदी कशी हाय?”

धुळाचा आवाज कधी नव्हे तो खुशीत होता.

“बसूनच हाय. पर तुझा त्यो फडक्यातला पाला आत्ताच म्होरं धरला. लई आवडीचा हाय तिच्या. दोन घास खाल्लं बघ.”