मुका माज

आमची म्हैस भाकड ठरली तेव्हा मी सातवीत होतो. चिक्कडपल्लीच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीमागं ती एकटीच बांधलेली असायची. तिच्या दुधावर घर चालायचं. ती माजावर येईना, दूध आटलं, ताईची शाळा सुटली. एका सकाळी आबांनी तिला विकलं. नेणारा म्हणाला, "रोओ नक्को पटेल, खाली है ये." खाली म्हणजे रिकामी. पुढं कित्येक दिवस त्या खुंट्याजवळून जाताना मला तिच्या श्वासाचा ओला वास यायचा. आईलाही यायचा, हे तिनं फार उशिरा सांगितलं.

मी पशुवैद्यकीचा पदवीधर झालो, घरातला पहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. तोवर देशाचा बाजार जगाला खुला झाला होता. बरोबरीची पोरं दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकत होती आणि मला विचारायची, म्हशीच्या शेपटीला धरून अमेरिकेला जाणार का. मी पुढच्या पदवीसाठी म्हशींच्या प्रजननावर काम करत होतो. प्रयोगशाळेत परदेशी यंत्र आलं होतं. त्यात म्हशीची बीजं शरीराबाहेर वाढवायची. बीजं आणायची कत्तलखान्यातून.

रोज सकाळी कापलेल्या म्हशींची अंडाशयं कोमट सलाईनमध्ये घालून, चहाच्या थर्मासमधून मी अफझलगंजहून बसनं आणायचो. कंडक्टरनं एकदा चहा मागितला. संपला म्हणालो. थर्मास बाहेरून गारच असतो, हे मला कळतं. तरी मांडीला ऊब लागायची.

टेबलावर अंडाशय कापलं की कधी आत पिवळी गाठ दिसायची. माज येऊन गेल्याशिवाय ती गाठ होत नाही. या सगळ्या तर भाकड म्हणून कापलेल्या. पण गाठी ताज्या होत्या. आज एकीत, उद्या दोघींत. उन्हाळ्यात म्हैस माजावर येते पण ओरडत नाही, खूण दाखवत नाही. त्याला मुका माज म्हणतात. जिवंतपणी गप्प राहिलेल्या या आता माझ्यापुढं येऊन बोलत होत्या. ब्लेड लावताना मी नकळत कान द्यायला लागलो.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजच्या गोठ्यातली एक म्हैस विक्रीच्या यादीत चढली. वर्षभर माज नाही, असा शेरा. मी गोठ्याची जबाबदारी असलेल्या सरांकडं गेलो.

"सर, माजाची एक पाळी द्या. एकवीस दिवस."

"माज दाखव, नाव कापतो," सर म्हणाले.

रोज दुपारी मी मागून हात घालून तिचं अंडाशय चाचपायचो. पहिल्याच दिवशी गाठ बोटांना लागली. आतली ऊब ओळखीची होती, थर्मासचीच. हळूहळू गाठ विरत गेली, शेजारी मऊ फुगवटा आला, म्हणजे माज. त्या दिवशी ती नुसती उभी होती, कानसुद्धा न हलवता, माझ्या पाठीमागच्या रिकाम्या खुंट्याकडं बघत. मी वळून पाहिलं नाही. सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः हात घातला, यादीतलं नाव कापलं आणि मला कृत्रिम रेतन करायला सांगितलं.

घरी जेवताना हे सांगितलं. आबांचा घास हातातच राहिला.

"मग आपली? ती खाली होती ना रे?"

"आपली कुणी तपासलीच नव्हती, आबा."



गोठ्यातली म्हैस गाभण राहिली. तिला पारडी झाली. माझा प्रबंध मान्य झाला. आणि मी तिथं होतो तोवर, हात घालून तपासल्याशिवाय त्या गोठ्यातली एकही म्हैस भाकड म्हणून विकली गेली नाही.