"कुठली वायर काढलीत, सर?"

मरोळच्या आमच्या गाळ्यात किस्से साठतात ते जुन्या बोर्डांसारखे. जागा नाही, पण फेकवतही नाहीत!

आम्ही कोल्ड रूमचे कंट्रोलर बनवतो. प्रोग्रॅम सी भाषेत. काही बिघडलं की प्रोग्रॅम आपल्याच एका तुकड्याला, एरर हँडलरला, हाक मारतो आणि हँडलर आकड्यात उत्तर देतो. शून्य म्हणजे चालू दे, एक म्हणजे पुन्हा करून बघ, दोन म्हणजे थांब. हाक मारायची आणि उत्तर ऐकायचं, बस! पण एवढ्यातच आमची वाट लागते.

त्यात आमचे सावंत सर, पक्के देवगडचे. त्यांची टेस्टिंगची पद्धत एकच. चालू मशीनची एखादी वायर गुपचूप काढायची आणि चहा पीत मजा बघायची.

पहिला बळी मीच. माझ्या कोडने हँडलरला विचारलं, हँडलर म्हणाला, थांब! माझा कोड ते न ऐकताच पुढे. पंख्याची वायर सरांच्या खिशात आणि माझ्या स्क्रीनवर "सर्व ठीक"!

सर म्हणाले, "इचारलंस कित्याक गो, उत्तर ऐकूचा नव्हता तर?"

नीलेशची तऱ्हा उलटी. त्याचा हँडलर कायम एकच सांगायचा, पुन्हा करून बघ. सरांनी जेवणाआधी वायर काढली. आम्ही जेवून, पान खाऊन आलो तरी मशीन आपलं प्रयत्न करतंय!

मी म्हटलं, "नील्या, तुझ्या लग्नासाठीसुद्धा कोणी एवढी खटपट केली नसेल रे!"

मग आली बोरिवलीची प्राजक्ता. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. वडिलांची नोकरी सुटलेली, घर हिच्यावर. सरांनी सांगितलं होतं, माझी वायर पचवलीस की पर्मनंटच्या पत्रावर सही.

पहिल्याच टेस्टला तिच्या हँडलरमध्येच एरर आली. मग काय, हँडलर स्वतःलाच हाका मारत बसला आणि मशीन ठप्प! पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "रडतेस काय गं, मी तर अख्खा पंखा हरवला होता!"

दुसऱ्या दिवशी तिने नवीन उत्तर घातलं. तीन म्हणजे माणसाला बोलाव. कोणी येऊन बटण दाबेपर्यंत मशीन बेल वाजवत राहणार.

नीलेश खिदळला, "यार, आपण कंट्रोलर विकतो की दाराची बेल?"

तिची शेवटची टेस्ट वर्सोव्याला, हिराताईंच्या मासळीच्या कोल्ड रूमवर. मशीन बसवलं, चालू केलं. पत्र सरांच्या खिशात. हिराताईंनी चहा दिला. आम्ही सगळे सरांच्या हातांकडे डोळे लावून बसलो.

आणि बेल वाजली!

प्राजक्ता पांढरीफटक. "कुठली वायर काढलीत, सर?"

सरांच्या एका हातात कप, दुसऱ्यात खारी. "मी अजून चायच पितंय गो!"

आम्ही धावलो. आत कॉम्प्रेसर खरंच बंद पडला होता. मग सर, मी, नीलेश, सगळ्यांनी मिळून पापलेटं बर्फात हलवली. एकही नासलं नाही. सरांनी तिथेच बर्फाच्या पेटीवर पत्र ठेवलं आणि ओल्या हाताने सही ठोकली. त्या पत्राला अजून मासळीचा वास येतो.

प्राजक्ता डोळे पुसत म्हणाली, "पण सर, तुमची वायर काढायची राहिली ना?"

हिराताई कमरेला पदर खोचून मशीनपुढे उभ्या राहिल्या. "हात तर लावून बघू दे त्याला माझ्या मशीनला!"