शेंग नव्हे, संपुट

माझ्या साडूंच्या तावडीतून एकही पानफूल साध्या नावानिशी सुटलेलं मी पाहिलेलं नाही. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि खांदेश्वरला आमच्याच सोसायटीत राहायला आले. तेव्हा स्टेशन नवंकोरं होतं आणि साडूंचं शिकवणं आता थांबेल ही आमची आशाही. पण कॉलेजातली पोरं निदान तास बुडवू शकत होती, आम्हाला ती सोय नव्हती. कुंपणावरची बोगनवेल छान फुललीय असं कुणी म्हणालं की हे जिन्यातच अडवायचे. "रंगीत दिसतात ती फुलं नव्हेत, छदं आहेत, पानांचाच प्रकार. फूल आत असतं, एवढंसं." माझ्या मेव्हणीनं शेवंती माळली, तर ते एक फूल नसून शेकडो पुष्पिकांचा स्तबक आहे हे तिला भर लग्नात ऐकावं लागलं. "डोक्यात अख्खी वसाहत घेऊन कोण हिंडणार?" म्हणत तिनं फुलं माळणंच सोडलं. वाशीच्या मार्केटात त्यांनी एका सातारी कांदेवाल्याला कांदा म्हणजे मूळ नव्हे, जाड झालेली पानं, असं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "मग पालेभाजीच्या गाळ्यावर जावा की सर. हितं निस्ता कांदा मिळतो."

या माणसाचा जीव मात्र एका शेवग्यात होता. राहायला आल्या आल्या त्यांनी तो आवारात स्वतःच्या हातानं लावला होता. शेवगा पडला ठिसूळ. एक फांदी सेक्रेटरीच्या स्कूटरवर कोसळली आणि झाड तोडायचा विषय सभेत आला. साडू रात्रभर झोपले नव्हते. पण त्यांच्या बाजूनं तळमजल्यावरच्या आगरी काकू उभ्या राहिल्या आणि सभा वळली. "झाड रावदे. आख्खी बिल्डिंग त्याच्या शेंगा खातेय."

साडूंनी गप्प बसायचं होतं. ते उठले आणि म्हणाले, "शेंग नव्हे ती. शेंग दोन बाजूंनी उकलते. हे तीन बाजूंनी उकलतं. हे संपुट."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग तोडा. आमी काय सुकटीत संपुट घालू?"

हशा झाला आणि त्या हशातच हात वर गेले. झाड तोडलं त्या दिवशी साडू गॅलरीत उभे होते. मी त्यांना मनसोक्त हसायचं ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जमलं नाही. संध्याकाळी त्यांनी खाली उतरून एक जाडसर फांदी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे खोचली. शेवगाच तो, फुटला.

पुढच्या वर्षी पहिला बहर आला, तेव्हा साडू मला बरोबर घेऊन काकूंच्या दाराशी गेले. हातात जुडी होती.

"घ्या. शेंगा आहेत."

काकू जरा ओशाळल्या. "सर, ह्ये संपुट ना?"

"शेंगाच म्हणा," साडू म्हणाले, "पण झाड राहू द्या."

जिना चढताना मी मुद्दाम बोगनवेलीच्या फुलांचं कौतुक केलं. ते काहीच बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.