टेबलावरची विळी

परवा नारळ खवताना त्या ओल्या, गोडसर वासाने मला जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत नेलं. ऐंशीच्या दशकात आईचा खुबा इतका झिजला होता की घरातल्या घरातही ती भिंत धरून चालायची. डॉक्टर म्हणाले, "खुबा बदलू, छान चालाल. फक्त जमिनीवर बसणं कायमचं बंद." आईने तिथेच नकार दिला. "मगे विळीवर कोण बसतला?" गिरणीत फिटर असलेल्या बाबांनी वाद घातला नाही. घरी येऊन त्यांनी विळीचा पाट माझ्या अभ्यासाच्या टेबलाला नटबोल्टने आवळला. "उभ्यान कोण नारळ खवता?" आईने विचारलं. "तू," बाबा म्हणाले. तिला हसू आलं आणि ऑपरेशन ठरलं. दोन महिन्यांनी वॉकर बाजूला सारून, टेबलाला टेकून तिने पहिला नारळ खवला. अर्धं खोबरं खाली सांडलं, तशी म्हणाली, "टेबल बोटभर उंच झाला." बाबांनी लगेच करवत काढून चारही पाय बोटभर कापले. पुढे शाळा संपेपर्यंत माझ्या वह्यांना खोबऱ्याचा वास यायचा. आता माझ्याही डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलंय. परवाचा नारळ मी त्याच टेबलाशी उभी राहून खवला. उंची बोटभरही कमी-जास्त वाटली नाही.