एक वाजताची गोळी

आईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा बोंबील वाळवण्याचे दिवस होते. नवापूरला आमच्या घरामागे बांबूच्या वलांड्या उभारलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी डोक्यावरच्या आडव्या बांबूवर टाकायची असते. हे काम ती लहानपणापासून करत आली आहे आणि त्यावरच घर चालत आलं आहे.

खांद्यावर लिंबाएवढी कडक गाठ होती. एक्स-रेमध्ये ती हाडासारखी पांढरी दिसली, पण तिथे हाड असण्याचं कारण नव्हतं. आईची मूत्रपिंडं निकामी झालेली, पालघरला डायलिसिस चालू. डायलिसिसने फॉस्फेट पुरेसं निघत नाही. रक्तात उरलेलं फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतं आणि दोन्ही मिळून नको तिथे साठतात: सांध्याभोवती, कातडीखाली, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत. डॉक्टर म्हणाल्या, फॉस्फेट उतरलं तर गाठ हळूहळू विरघळू शकते. नाही उतरलं तर हात आहे त्याहून वाईट होईल.

तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रोज पाण्यातलं कॅल्शियम तपासते. मला हा प्रश्न सुटण्याजोगा वाटला.

मी तक्ता केला. सुकी मासळी बंद, दूध बंद, डाळ मोजून. फॉस्फेट अन्नातच अडवणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. त्यांच्यासाठी आईच्या फोनवर सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठचा गजर लावला. तरी महिन्यामागून महिने अहवालातले आकडे चढतेच राहिले आणि हात खांद्यापर्यंतही येईनासा झाला. मी थकत गेले आणि थकलेल्या माणसाप्रमाणे संशय घेऊ लागले.

"सुका जवळा खाल्लास?"

"नाय. डबा तुझ्या काकीला देऊन टाकला."

"मग आकडा वर कसा?"

"त्यालाच इचार. तुझ्या ओळखीचा हाय तो."

ती विहिरीवर गेलेली असताना मी स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. एकातही काही सापडलं नाही, आणि त्याने मला आनंद होण्याऐवजी चीडच आली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आईलाच विचारलं, "मावशी, गोळी कधी घेता?"

"घड्याळ वाजलं का. माझी बाय लय शिकलीय, तिनं लावून दिलंय. एकपण चुकवली नाय." तिने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

"आणि दुपारी जेवता कधी?"

"बोटी आल्या, मासळी निवडली, का मग. काल तीनला, आज चार वाजतील. भरती काय एका जागी राहते? रोज पुढं सरते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चिठ्ठीवर 'जेवणासोबत' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मीच वाचलं होतं, आणि आमच्या कारखान्यात जेवणाची घंटा एकला होते म्हणून त्याचा अर्थ एक वाजता असा लावला होता. आई ती गोळी इमानाने रिकाम्या पोटी घेत होती. पोटात अन्न नसल्यावर गोळीला अडवायला फॉस्फेट फारसं नसतं. उलट तिच्यातलंच कॅल्शियम जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. म्हणजे त्या गाठीला खाद्य पुरवण्यात माझा हात होता. ही साखळी मला एखाद्या नवशिक्या सहकाऱ्याला दोन मिनिटांत समजावता आली असती.

परतीच्या रिक्षात चित्रालयचा नाका ओलांडल्यावर आई म्हणाली, "आता तुला कामावरनं काढतील का काय?"

"आई, गप्प बस."

"मी काय बोलले? इचारते आपली."

डॉक्टरांनी कॅल्शियम नसलेल्या गोळ्या दिल्या. त्या ती पदराच्या गाठीत बांधून किनाऱ्यावर नेते आणि पहिल्या घासाबरोबर चावते. जेवायला बसली की मला मिस्ड कॉल देते. तो कधी बारालाच येतो, कधी पावणेपाचला, बैठक चालू असताना. मी वेळ लिहून ठेवते. त्याचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

फॉस्फेट चार महिन्यांनी उतरू लागलं. परवा पुन्हा एक्स-रे काढला.

"माँजी, हाथ ऊपर," तंत्रज्ञ म्हणाला.

आईने हात उचलला. तो खांद्याच्या रेषेत येऊन थांबला.

"और ऊपर."

"इतनाच हाय, भाऊ. पहिले इतना बी नाय था."

गाठ कडेने जराशी पुसट झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, वाढ थांबली आहे, ऑपरेशनची घाई नको, वेळ लागेल. जिना उतरताना आईने विचारलं, "वलांडीला पोचंल?"

खोटं सांगण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती. "यंदा नाही," मी म्हटलं.

"यंदाचं मी इचारलंच नाय, बाय."